मार्केन : समुद्र हटला, बेट राहिलं

ओहोटी (धागाकर्ती)

नेदरलँड्सला आलेले आपले लोक खीतहोर्नच्या कालव्यात बोट फिरवतात, झान्सेस्कान्सला पवनचक्कीसमोर फोटो काढतात, आणि वेळ उरलाच तर व्होलेंडमहून बोटीनं मार्केनला एक चक्कर मारतात. बंदरावर तळलेला मासा खायचा, हिरव्या लाकडी घरांचे फोटो काढायचे, पुढच्या बोटीनं परत. मी ॲमस्टेलफेनला राहते, पाहुणे आले की हेच करते. पण ती घरं जमिनीपासून एवढी उंच का, हे एकही पाहुणा विचारत नाही. म्हणून हा धागा काढतेय. लांबेल, चहा घेऊन बसा.

मार्केन ॲमस्टरडॅमच्या ईशान्येला, सरळ रेषेत पंधरा-एक किलोमीटरवर. पसारा जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचा, वस्ती १,८००च्या आसपास. आज मुख्य भूमीपासून गावापर्यंत पाण्यातून सरळ रस्ता जातो, त्यामुळे नकाशात ते शेपटीला बांधलेल्या पतंगासारखं दिसतं. तो रस्ता १९५७चा. त्याआधी बोटीशिवाय इलाज नव्हता.

आठशे-नऊशे वर्षांपूर्वी मात्र इथे बेटच नव्हतं. हा सगळा भाग पीटच्या जमिनीचा, म्हणजे दलदलीतल्या वनस्पती अर्धवट कुजून थरावर थर साचलेल्या. अशी जमीन ओली असेतो फुगलेली राहते. शेतीसाठी चर खणून तिच्यातलं पाणी काढलं की ती आकसते आणि खचत जाते. मध्ययुगात लोकांनी हेच केलं, आणि जमीन खाली गेल्यावर समुद्र आत आला. ११७०चं आणि १२८७चं वादळ ही त्यातली गाजलेली. मधल्या गोड्या पाण्याच्या तळ्याचा हळूहळू उत्तर समुद्राला जोडलेला आखात झाला, त्याचं नाव झ्यूडरझे. मार्केन हा त्या फाटाफुटीत सुटा राहिलेला तुकडा.

तेराव्या शतकात फ्रीसलंडमधल्या मारिएनगार्डे मठाचे साधू इथे आले. त्यांनी गुरं पाळली, बांध घातले. १३४५मध्ये हॉलंडचा काउंट फ्रीसलंडवर चालून गेला आणि लढाईत मारला गेला, त्या भांडणात मठाची इथली मालमत्ता गेली. साधू गेले, शेतकरी राहिले.

आता मुख्य गोष्ट. मार्केनचा बांध कधीच पुरेसा उंच नव्हता. मऊ पीटवर उंच बांध घातला तर तो स्वतःच्या वजनानं खाली बसतो, आणि एवढ्याशा बेटाच्या खिशाला ते परवडणारंही नव्हतं. उन्हाळी पाणी अडलं तरी खूप झालं. हिवाळ्यात वादळ आलं की समुद्र बांधावरून आत यायचा, कुरणं बुडायची आणि दिवसेंदिवस बुडलेली राहायची. म्हणून लोकांनी मातीचे उंचवटे रचले आणि त्यांवर दाटीवाटीनं घरं बांधली. या उंचवट्याला व्हेर्फ म्हणतात. रोझेव्हेर्फ, मूनिसव्हेर्फ, विटेव्हेर्फ, ग्रोटेव्हेर्फ, केट्स, आणि चर्चची वस्ती केर्कब्यूर्ट. काही व्हेर्फ समुद्रानं खाऊन टाकले. उरले त्यांवर एकेका वाडीएवढी वस्ती, मध्ये सपाट गवत आणि गवतात चर.

माणसं वाढली, उंचवटे वाढेनात. मग उंचवट्याच्या उतारावर आणि बंदराजवळ, म्हणजे हाफेनब्यूर्टमध्ये, डांबर फासलेल्या लाकडी खांबांवर घरं उभी राहिली. पाणी आलं तर खालून जाऊ दे, असा साधा हिशोब. घरंही डांबर लावून काळी केलेली असत, आजचा हिरवा रंग आणि पांढऱ्या कडा नंतरच्या.

बंदरावर मासा खाऊन झाला की पाच मिनिटं आतल्या गल्लीत शिरा आणि घराच्या दाराकडे न बघता दाराखाली बघा. दाराकडे जाणारा जिना दिसेल, आणि त्याच्या बाजूला, जिथे एकेकाळी मोकळी हवा आणि लाटा होत्या, तिथे फळ्या ठोकून आडोसा केलेला. आत खोली, सायकली, सटरफटर. हा आडोसा १९३२नंतरचा. त्याआधी तिथे फळी ठोकणं म्हणजे लाटेला भिंत देणं, आणि लाटेनं भिंतीसकट घर नेलं असतं.

१९३२ साली काय झालं ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, पोरगं उठलंय.

मावळतीचा_मास्तर

उत्तम. वाखुसा (वाचनखूण साठवली). आम्ही ३० वर्षं भूगोलाच्या पुस्तकातून 'हॉलंडमध्ये समुद्र हटवून जमीन मिळवतात' हे एक वाक्य शिकवलं, आणि मुलांनीही ते पाठ केलं. जमीन आधी खचली, मग समुद्र आला, मग तो हटवावा लागला, हा क्रम पुस्तकात नव्हता. पुढचा भाग लवकर टाका.

खारेपाटचा_पोर

पेणच्या बाजूचा आहे, त्यामुळे वाचताना मान डोलत होती. आमच्याकडे उधाणाला बाहेरकाठ्याला, म्हणजे समुद्राकडच्या बांधाला, खांड गेली की भातशेतीत खारं पाणी. मग दोन-तीन वर्षं जमीन पिकत नाही, पावसानं मीठ धुवून निघेपर्यंत वाट बघायची. मार्केनच्या कुरणांचं काय व्हायचं? दरवर्षी खारं पाणी शिरत असेल तर गवत उगवायचं कसं?

आणि पाणी बाहेर कसं काढायचे? आमच्याकडे उघाडी असते, ओहोटीला झडप उघडते, भरतीला आपोआप मिटते.

नव्याने_युट्रेख्टमध्ये

गेल्या महिन्यात जाऊन आलो. खरं सांगू का, फार पर्यटकी वाटलं. लाकडी बुटांचं दुकान, चीजचं दुकान, चार जपानी, आठ आपले. पन्नास वर्षांपूर्वी असेल काही गाव वगैरे. आता देखावा आहे.

ओहोटी

@खारेपाटचा_पोर, तत्त्व तेच. बांधात झडपा, आणि बाहेरचं पाणी उतरलं की आतलं सोडून द्यायचं. झ्यूडरझेचं पाणी उत्तर समुद्राइतकं खारट नव्हतं, कारण आयसेल नदी आणि इतर लहान नद्या त्यात येऊन मिळायच्या. शिवाय पूर यायचे हिवाळ्यात, गवत वाढतं उन्हाळ्यात. भात टिकला नसता, गवत टिकायचं. मार्केनचं गवत कापून, वाळवून, बोटीत भरून बाहेर विकलं जायचं. मासेमारीच्या आधी बेटाचा पैसा गवताचाच.

मासेमारी प्रमुख झाली ती नंतर, एकोणिसाव्या शतकात तर जवळजवळ सगळं गाव बोटीवर. हेरिंग, अँचोव्ही, ईल. बोटीचा प्रकार बोटर, सपाट बुडाची, उथळ पाण्यात चालणारी. झ्यूडरझे बहुतेक ठिकाणी चार-पाच मीटरच खोल, तिथे खोल बुडाची नाव कामाची नाही. पुरुष सोमवारी बाहेर पडायचे, शनिवारी परत. रविवारी चर्च. कट्टर प्रोटेस्टंट गाव. चर्चमध्ये आजही छताला बोटींच्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत.

आता १९१६. १३ आणि १४ जानेवारीची रात्र. वायव्येचं वादळ उत्तर समुद्राचं पाणी झ्यूडरझेत ढकलत होतं, आणि त्याच वेळी नद्यांनाही पूर होता. दोन्हीकडून आखात भरलं. आजूबाजूच्या वाटरलँड भागात बांध फुटले, मार्केनवर तर पाणी सरळ बांधावरून आत आलं. आणि या वेळी खांबांचा हिशोब चुकला. पाणी खालून जाण्याइतकं कमी नव्हतं, आणि लाटांबरोबर सुटलेल्या बोटी आणि लाकूडफाटा घरांवर आदळत होता. या एका बेटावर १६ माणसं गेली. जमिनीवर झालेल्या मृत्यूंमध्ये सगळ्यात जास्त इथले. राणी विल्हेल्मिना स्वतः पाहणीला आली होती.

कॉर्नेलिस लेली नावाच्या इंजिनियरनं झ्यूडरझे बंद करायचा आराखडा १८९१ सालीच मांडला होता. पैसा कोण देणार म्हणून तो धूळ खात होता. १९१६चा पूर आणि पहिल्या महायुद्धातली अन्नटंचाई (देश तटस्थ होता, पण धान्य मिळेना) या दोन गोष्टींनी संसदेचं मन वळलं. तोवर लेली स्वतःच मंत्री झाला होता. कायदा जून १९१८मध्ये झाला. आणि २८ मे १९३२ रोजी आखाताच्या तोंडावरच्या ३२ किलोमीटरच्या बांधातली, आफस्लाउटडाइकमधली, शेवटची फट बुजली. झ्यूडरझे संपला, आयसेलमेर तळं सुरू झालं.

मार्केनवर त्यानंतर समुद्र कधी आला नाही. मासेही आले नाहीत. खाऱ्या पाण्यातला हेरिंग अंडी घालायला आत यायचा, अँचोव्हीही, त्यांची वाटच बंद झाली. काही वर्षांत पाणी गोडं झालं, ईल तेवढी उरली. ज्या समुद्रानं सोळा माणसं नेली तोच पोट भरत होता, आणि बांधानं दोन्ही एका दिवसात बंद केलं. मला या गावात रस आहे तो याच्यामुळे, बुटांमुळे नाही.

छिद्रान्वेषी

म्हणजे प्रकल्पग्रस्त. आपल्याकडचा शब्द चपखल बसतोय. नुकसानभरपाई मिळाली का, की 'देशाच्या विकासासाठी त्याग' वगैरे भाषण?

सुगरण_सिंधू

मस्त धागा, वाचतेय. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

ओहोटी

@छिद्रान्वेषी, भाषणंही झाली असतील, पण कायदाही होता. बांध पूर्ण व्हायच्या सात वर्षं आधी, १९२५मध्ये, झ्यूडरझे मदत कायदा झाला. ज्यांचं पोट बंद होणार त्यांना दुसरा धंदा उभा करायला मदत, कर्ज, वयस्कांना भत्ता असं त्याचं स्वरूप. कोळ्यांचं समाधान झालं का? नाही झालं. भत्ता कमी, अटी जास्त, आणि कोण पात्र कोण अपात्र यावरून कटकट. आपल्याला हे समजावून सांगावं लागू नये.

पण एक फरक नोंदवते. भरपाईचा कायदा काम संपायच्या आधी झाला, नंतर मोर्चे निघाल्यावर नाही. माझ्या मते ही मोठी गोष्ट आहे. रक्कम किती ते वेगळं भांडण.

मार्केनचे पुरुष मग हळूहळू ॲमस्टरडॅमकडे वळले. कारखाने, बांधकाम. १९५७ला रस्ता झाल्यावर रोज जाऊन-येऊन काम करता यायला लागलं. काही कोळी ईलच्या जोरावर बरीच वर्षं टिकले.

@नव्याने_युट्रेख्टमध्ये, देखावा म्हणताय तर त्या देखाव्याचंही वय शंभरच्या वर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून ॲमस्टरडॅमहून वाफेच्या बोटीनं परदेशी पाहुणे मार्केनचा पोशाख बघायला यायचे. साय्चे बूस नावाची मार्केनची बाई (जन्म १८९५) पारंपरिक कपडे घालून बंदरावर पर्यटकांना घर दाखवायची आणि भेटवस्तू विकायची. देशभर प्रसिद्ध होती. धंदा गेलेल्या गावानं दुसरा धंदा शोधला. त्याला मी तरी नाक मुरडणार नाही.

वेंगुर्लेकर

आमच्या गावात डच वखार आहे, म्हणजे तिचे अवशेष. लहानपणी तिथे लपाछपी खेळायचो. १६३७च्या सुमाराची, आदिलशाहीच्या परवानगीनं उभारलेली. डच तेव्हा पोर्तुगीजांच्या गोव्याची समुद्रातून कोंडी करत होते, त्यांना जवळचं ठाणं हवं होतं. ॲमस्टरडॅमहून निघालेली ती जहाजं मार्केनवरूनच जात असणार ना? नकाशा बघितला तर वाट तीच दिसते.

ओहोटी

हो, वाट तीच. ॲमस्टरडॅम काही उघड्या समुद्रावर नाही. जहाजं शहरातून निघून झ्यूडरझे ओलांडत उत्तरेला टेक्सल बेटाकडे जायची आणि तिथून पुढे महासागरात. मार्केन वाटेतच.

आणि मार्केनचा याच्याशी आणखी जवळचा संबंध आहे. ॲमस्टरडॅमच्या तोंडाशी पाम्पस नावाचा गाळाचा उथळ पट्टा होता. डच ईस्ट इंडिया कंपनीची भरलेली जहाजं तिथे तळाला लागायची. सुरुवातीला माल छोट्या होड्यांत उतरवून जहाज हलकं करायचे. १६९०च्या सुमारास एक युक्ती निघाली: जहाजाच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या प्रचंड पोकळ पेट्या लावायच्या, आधी पाणी भरून बुडवायच्या, जहाजाला घट्ट बांधायच्या, मग पाणी उपसायचं. पेट्या वर आल्या की जहाजही वर. या पेट्यांना तिथले लोक उंट म्हणत. पण उंटावर बसलेलं जहाज ओढणार कोण? तर मार्केनचे कोळी, त्यांच्या जड, भक्कम मासेमारी बोटींनी. वाऱ्याच्या जोरावर एका जहाजापुढे अनेक बोटी लावून. गवत आणि मासे यांच्या जोडीला हा गावाचा तिसरा धंदा.

तेव्हा वेंगुर्ल्याला नांगर टाकलेली सुरुवातीची जहाजं उंटांच्या आधीची. पण पाम्पसचा गाळ त्यांनाही चुकला नव्हता.

वेंगुर्लेकर

हे भारी आहे. वखारीच्या सध्याच्या अवस्थेचे फोटो वेगळ्या धाग्यात टाकतो, इथे अवांतर नको.

मावळतीचा_मास्तर

अवांतरच चांगलं चाललंय, चालू द्या.

रंगीत_धागा

मी कापडाच्या छपाईवर काम करते. कोरोमंडल किनाऱ्यावरची छीट डच कंपनीनं युरोपात नेली आणि तिथल्या गावांच्या पोशाखात ती मुरली, हे माहीत आहे. मार्केनच्या पोशाखात काही दिसतं का? आणि मुलगे झगा घालायचे हे खरं का? एका जुन्या फोटोत मला फरकच कळेना.

ओहोटी

छिटाबद्दल सगळ्यात ठळक उदाहरण आखाताच्या दुसऱ्या काठावरचं, फ्रीसलंडमधलं हिंडेलोपेन. तिथल्या बायकांचे लांब अंगरखे थेट भारतीय छिटाचे असत. मार्केनला फुलांचं छापील कापड चोळीसारख्या कपड्याच्या पुढच्या भागावर येतं, त्याखाली पट्ट्यापट्ट्यांच्या बाह्या आणि वरून एप्रन. डोक्यावर एकावर एक टोप्या. कुठलं कापड कुठल्या दिवशी याचे नियम. शोकाचे रंग वेगळे, सणाचे वेगळे.

मुलग्यांचं खरं आहे. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलगे आणि मुली दोघंही झग्यात आणि टोपीत. जाणकार टोपीच्या मागच्या भागावरून आणि बारीक खुणांवरून ओळखायचे. त्यामुळे तुमचा गोंधळ रास्त आहे, परदेशी फोटोग्राफरांचाही व्हायचा.

रोजच्या वापरातून हे सगळं गेलं. पण २७ एप्रिलला, राजाच्या वाढदिवशी, गावातली माणसं अजून पेटीतून बाहेर काढतात. पर्यटकांसाठी नाही, त्या दिवशी आपापसात मिरवायला. बघायचं तर त्या दिवशी जा.

टोप्यांवरून एक किस्सा आठवला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या विद्वानांना कवट्या मोजायचा नाद लागला होता. मार्केनचे लोक बाहेर लग्न करत नाहीत, तेव्हा हे म्हणजे रोमन काळातल्या बटाव्ही टोळीचे अस्सल वारस, अशी समजूत पसरली. जर्मनीतल्या गॉटिंगनच्या ब्लूमेनबाख या शरीरशास्त्रज्ञाच्या प्रसिद्ध संग्रहात अशीच एक कवटी 'अस्सल बटाव्हियन' म्हणून होती, मार्केन बेटावरची म्हणून. सपाट कपाळ, लांबट आकार, त्यावरून वंशाबद्दल प्रबंध. नंतर १९१२मध्ये बार्ख नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं दाखवलं की तो आकार वंशाचा नसून बाळपणी घट्ट बांधलेल्या टोप्यांचा आहे.

छिद्रान्वेषी

हाहाहा. टोपी घातली ती विद्वानांनाच.

त्याच सुमारास आपल्याकडे रिस्लेसाहेब, म्हणजे १९०१च्या जनगणनेचे इंग्रज आयुक्त, नाकं मोजत होते, आणि नाकाच्या मापावरून जातींची उतरंड कळते असं सांगत होते. तिथे टोपी सापडली, इथे नाकाचं खापर फोडायला काहीच मिळालं नाही.

मावळतीचा_मास्तर

हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे.

एक शंका. आखात बंद झालं, मग हे पाणी सगळं उपसून जमीन का नाही केली? लेलीच्या आराखड्यात पोल्डर (बांध घालून, पाणी उपसून मिळवलेली जमीन) होते ना?

ओहोटी

होते, आणि बहुतेक झालेही. वीरिंगरमेर, ईशान्य पोल्डर, पूर्व आणि दक्षिण फ्लेवोलँड. पाचवा, मार्केरवार्ड, मार्केनच्या दाराशीच. तो झाला असता तर मार्केन शेतांच्या मधोमध आलं असतं, जसं ईशान्य पोल्डरमध्ये स्खोकलांड झालं. स्खोकलांड म्हणजे असंच बेट. १८५९मध्ये सरकारनं तिथली वस्ती हलवली, कारण समुद्रापुढे ते राखणं परवडेना. १९४२मध्ये आजूबाजूचं पाणी गेलं आणि आता तिथे बटाट्याच्या शेतात बेटाचा उंचवटा दिसतो.

मार्केरवार्डचं काम सुरूही झालं होतं. मार्केनच्या उत्तर टोकाहून पाण्यात दोन किलोमीटर गेलेला एक बांध आजही आहे, बुकडाइक. दुसऱ्या महायुद्धात काम थांबलं. नंतर १९७०च्या दशकात एन्कहाउझन ते लेलीस्टाड असा मोठा बांध झाला, त्यामुळे आयसेलमेरचे दोन भाग पडले, आणि मार्केनभोवतीच्या भागाला मार्केरमेर म्हणू लागले. पण पोल्डर काही होईना. शेतजमिनीची गरज उरली नव्हती, तळ्यातल्या पक्ष्यांच्या बाजूनं आणि गोड्या पाण्याच्या साठ्याच्या बाजूनं बोलणारे वाढले होते. वाद काही दशकं चालला आणि २००३मध्ये सरकारनं नाद सोडला.

म्हणून मार्केनला आजही पाणी आहे. पूर्व टोकाला दीपगृह आहे, १८३९चं, आकारावरून 'मार्केनचा घोडा' म्हणतात. समुद्रच नाही तर दीपगृह कशाला, असं विचारू नका, तळ्यातही बोटी भरकटतात. हिवाळ्यात बर्फाचे तुकडे वाऱ्यानं लोटले जाऊन त्याच्या भिंतीला भिडलेत असेही प्रसंग झाले आहेत.

खारेपाटचा_पोर

मग आता धोका संपला म्हणायचा? तळ्यात भरती नाही, लाट तेवढी.

ओहोटी

नाही, आणि इथे धाग्याच्या सुरुवातीचं पीट परत आडवं येतं. आतली जमीन अजून खचतेय. कुरणं कोरडी ठेवली की पीट हवेत सडतं, आणि जमीन बसत जाते. बांधाचा पाया तसाच मऊ. मार्केरमेरचं पाणी आतल्या कुरणांपेक्षा वर. समुद्र नसला तरी एवढ्या मोठ्या तळ्यावर वारा सुटला की पाणी एका बाजूला चढतं. त्यामुळे मार्केनभोवतीचा बांध आजच्या निकषांत बसत नाही असं ठरून तो मजबूत करायचा प्रकल्प निघाला. तो राष्ट्रीय जलखात्याच्या ताब्यात आहे.

गावकऱ्यांचं म्हणणं काय होतं माहितीये? बांध उंच करा, पण घरातून पाणी दिसलं पाहिजे. आणि रुंद करताना आमची कुरणं आणि जुनी रेषा मोडू नका. पाण्यामुळे मेलेल्या गावाला पाणी दिसायला हवंय.

सुगरण_सिंधू

दिसायला हवंच की. सवयीचा शेजारी.

मला एक सांगा, घरात चूल कुठे असायची? लाकडी घर, लाकडी खांब, आत आग?

ओहोटी

सिंधूताई, हा प्रश्न कोणी विचारेल याची वाट बघत होते. जुन्या घरांना धुराडंच नव्हतं. घराच्या मध्ये जमिनीवर शेकोटी, धूर वर माळ्यात जाऊन छतातल्या झरोक्यातून बाहेर. त्या धुरात मासे वाळायचे आणि जाळीही टिकाऊ व्हायची. अशी धुराची घरं केर्कब्यूर्टमध्ये राखून त्यांचं छोटं संग्रहालय केलंय, आत शिरलं की एका खोलीत अख्खा संसार. भिंतीत कपाटासारखे पलंग, दारं लावून झोपायचे. एका कुटुंबाची एवढी माणसं तिथे कशी मावायची, हे बघून आपल्याकडची चाळ आठवेल.

नव्याने_युट्रेख्टमध्ये

बरं, मी परत जातो. बंदरावरून आत वळायचं, दाराखाली बघायचं, केर्कब्यूर्टचं संग्रहालय. आणखी काही? गाडी घेऊन जाऊ का?

ओहोटी

गाडी गावाच्या तोंडाशी पार्किंगमध्येच ठेवावी लागते, जुन्या गल्ल्यांत नेता येत नाही. त्यापेक्षा ॲमस्टरडॅम नॉर्डहून बस घ्या, नाहीतर सायकल. मोनिकेंडम मार्गे बांधावरून सायकलनं येणं सगळ्यात चांगलं. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला त्याहून खालची जमीन, हे पुस्तकात कितीही वाचलं तरी सायकलवर बसूनच कळतं. वारा समोरून असेल तर मला शिव्या द्याल, ते गृहीत धरते.

बेटाभोवती बांधावरून चक्कर मारता येते, दीपगृहापर्यंत चालत जा. आणि व्हेर्फ बघायला रोझेव्हेर्फकडे वळा, तिथे दुकानं नाहीत.

मावळतीचा_मास्तर

शेवटची शंका, मग झोपतो. तळ्याची पातळी कोण ठरवतं? आपल्या धरणासारखं पावसाळ्यात भरणं, उन्हाळ्यात उतरणं असतं का?

ओहोटी

उलटं आहे, सर. हिवाळ्यात पातळी मुद्दाम कमी ठेवतात, उन्हाळ्यात वीसएक सेंटीमीटरनं जास्त. हिवाळ्यात वादळं आणि नद्यांचं पाणी येतं, त्यासाठी तळ्यात जागा हवी. उन्हाळ्यात शेतीला आणि पिण्याला पाणी लागतं, म्हणून वसंतात साठवून घेतात. जास्तीचं पाणी आफस्लाउटडाइकच्या झडपांमधून ओहोटीच्या वेळी समुद्रात सोडतात. ओहोटीची वाट बघत झडप उघडायची, खारेपाटातल्या उघाडीसारखंच, फक्त झडपा मोठ्या आणि त्यांना माणूस लागतो.

खारेपाटचा_पोर

आमच्या उघाडीलाही लागतो. खालच्या फटीत फांदी अडकते, मग पाण्यात उतरून काढावी लागते.